स्मार्टवॉच झोप किती अचूक मोजतं? गाढ झोप फक्त ४० मिनिटं दाखवतंय, काळजी करावी का?

आधी थेट उत्तर देते. तुम्ही कधी झोपलात, कधी उठलात आणि एकूण साधारण किती तास झोप झाली, हे घड्याळाला बऱ्यापैकी कळतं. मध्ये किती वेळ टक्क जागे होतात, हे नीट कळत नाही. आणि हलकी, गाढ, रेम (बहुतेक स्वप्नं पडतात ती झोप) अशी जी रंगीत पट्टी ॲपमध्ये दिसते, तो निव्वळ अंदाज असतो. त्यामुळे '७ तास झोप, त्यात गाढ झोप ४० मिनिटं' या आकड्याने धसका घेऊ नका. तुम्ही पुढे लिहिलंय की सकाळी उठल्यावर अंग जड असतं, झोप झाल्यासारखी वाटत नाही. ती गोष्ट मला त्या ४० मिनिटांपेक्षा महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येतेच.

मी स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. लोकांच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना इलेक्ट्रोड चिकटवायचे, नाकाशी श्वासाचा सेन्सर लावायचा, छाती-पोटाला पट्टे बांधायचे, दिवे मालवायचे आणि रात्रभर पलीकडच्या खोलीत स्क्रीनसमोर बसायचं, हे माझं काम. या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात आणि घड्याळांची अचूकता ठरवतात ती हिच्याशीच ताडून.

डोळा लागतो तो क्षण स्क्रीनवर कसा दिसतो, ते सांगते. माणूस डोळे मिटून शांत पडलेला असतो तेव्हा मेंदूच्या मागच्या भागातून सेकंदाला ८ ते १३ वेळा वरखाली होणारी एक लय येत असते, ती अल्फा. मग ती तुटक होते, विरते. तिच्या जागी बारीक, विस्कळीत रेषा येते आणि डोळ्यांच्या दोन्ही रेषा संथपणे एकमेकींच्या विरुद्ध दिशेला झुलायला लागतात. झोप लागली. आता याच क्षणी मनगटावर काय घडलं? जवळपास काहीच नाही. हात आधीही स्थिर होता, आताही स्थिर आहे. हृदयाचे ठोके थोडेफार मंदावतात, पण तेही हळूहळू. जागेपण आणि झोप यांच्यातली सीमा डोक्यात असते आणि घड्याळ बसलेलं असतं मनगटावर. या सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे.

घड्याळाकडे मुख्यतः दोन गोष्टी असतात. हालचाल टिपणारा ॲक्सेलरोमीटर, आणि त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या लाटेवरून नाडी मोजणारा सेन्सर. काहींत त्वचेचं तापमान आणि रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची सोयही असते. हालचालीवरून झोप ओळखण्याची पद्धत घड्याळांपेक्षा जुनी आहे. संशोधक मनगटी यंत्रं कित्येक वर्षं वापरत आले आहेत आणि त्यासाठीची कोल-क्रिप्के नावाची गणिती रीत १९९२ची आहे. तत्त्व साधं: हात बराच वेळ हलला नाही, तर माणूस झोपलेला. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. घड्याळाला तर तो ओळखूही येत नाही. सोफ्यावर पडून सिनेमा बघणाऱ्याची 'झोप' मोजली जाते ती याचमुळे.

आता 'अचूकता' या शब्दाकडे जरा संशयाने बघू या. २०२१ साली 'स्लीप' या नियतकालिकात बाजारातल्या सात उपकरणांची तुलना पॉलिसोम्नोग्राफीशी केलेला अभ्यास आला होता, ३४ निरोगी तरुण माणसांवर. माणूस खरोखर झोपलेला असताना 'झोपलेला' म्हणण्यात सगळी उपकरणं ९३ टक्के किंवा त्याहून जास्त बरोबर होती. माणूस जागा असताना 'जागा' म्हणण्यात मात्र बरोबर येण्याचं प्रमाण १८ ते ५४ टक्के! म्हणजे अंथरुणात जागेपणी घालवलेल्या वेळेतला निम्मा किंवा त्याहूनही जास्त भाग काही उपकरणं झोपेच्या खात्यात जमा करतात.

तरीही एकूण तास बरोबर कसे येतात? हिशोब करून बघा. समजा, एक माणूस ८ तास अंथरुणात आहे, साडेसहा तास झोपला आणि दीड तास जागा होता. घड्याळ झोप ओळखण्यात ९५ टक्के आणि जागेपण ओळखण्यात ५० टक्के बरोबर आहे. मग ३९० मिनिटांच्या झोपेतली साधारण २० मिनिटं ते 'जागा' म्हणून वजा करेल आणि ९० मिनिटांच्या जागेपणातली ४५ 'झोप' म्हणून मिळवेल. उत्तर येईल ६ तास ५५ मिनिटं. फरक फक्त २५ मिनिटांचा, म्हणजे दोन चुकांनी एकमेकींना बरंचसं झाकलं. आता निद्रानाश असलेला माणूस घ्या, तोही ८ तास अंथरुणात, पण झोपला ५ च तास. तेच घड्याळ त्याला सव्वासहा तास दाखवेल, म्हणजे सव्वा तास जास्त. घड्याळ तेच, चुकीचं प्रमाणही तेच, पण ज्याची झोप आधीच मोडकी आहे त्याच्यापुढे ते सपशेल फसतं. रात्रभर तळमळलेल्या माणसाला सकाळी स्क्रीनवर 'छान झोप झाली' असं वाचावं लागतं, ते यातूनच.

आणि हो, पहिल्या उदाहरणातल्या माणसाला एखाद्या बिनडोक यंत्राने रात्रभर नुसतं 'झोपलाय, झोपलाय' म्हटलं, तरी ते ८१ टक्के अचूक ठरेल. जाहिरातीत अचूकतेचा एकच आकडा दिसला, की मला हे यंत्र आठवतं.

आता तुमची ४० मिनिटं. गाढ झोप म्हणजे मेंदूत मोठ्या, संथ लाटा उठत असतात ती अवस्था. त्या लाटा मनगटावर पोचत नाहीत. घड्याळ त्यांच्या सावलीवरून अंदाज करतं: गाढ झोपेत नाडी सहसा संथ आणि एकसारखी असते, रेम झोपेत ती आणि श्वास दोन्ही अनियमित होतात. हा संबंध खरा आहे, पण सैल आहे. रात्री मद्य घेतलं, ताप असला, नाडी मंद करणारी औषधं चालू असली, हृदयाचे ठोकेच मुळात अनियमित असले, की हे गणित डळमळतं. पट्टा सैल असला किंवा सेन्सरखाली टॅटू असला, तर नाडीच नीट वाचली जात नाही. शिवाय नाडीवरून अवस्था ठरवण्याचं सूत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि गुप्त. दोन कंपन्यांची घड्याळं दोन मनगटांना बांधून झोपलात, तर सकाळी गाढ झोपेचे दोन वेगळे आकडे मिळाले तर नवल वाटू देऊ नका. सॉफ्टवेअर अपडेट झालं, की कालपर्यंत कमी असलेली गाढ झोप आज वाढूही शकते, तुम्ही काहीही न करता.

आमच्याकडचं वाचनही काही देवाघरचं नसतं, हेही सांगायला हवं. आम्ही रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडतो, ८ तासांचे ९६० होतात, आणि प्रत्येकाला एक अवस्था देतो. प्रशिक्षित माणसांनी एकच नोंद वाचली तरी त्यांचं एकमत साधारण ८२-८३ टक्के तुकड्यांवरच होतं. अगदी सुरुवातीच्या, पेंगुळलेल्या अवस्थेबाबत तर आणखी कमी. त्यातून लॅबमधली पहिली रात्र, अंगभर तारा, परकी गादी, म्हणजे झोप थोडी बिघडतेच. घड्याळाची खरी ताकद इथे आहे. ते तुमच्या घरात, तुमच्या अंथरुणात, महिनोन्‌महिने नोंद ठेवतं. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी झोपण्याच्या वेळेत किती फरक पडतो, गेल्या महिन्यापेक्षा झोप कमी झाली का, हे त्यात चांगलं दिसतं. एका रात्रीच्या आकड्यापेक्षा आठवड्यांची सरासरी बघा, आणि तीही एकाच घड्याळाची.

तुम्ही विचारलंय, गाढ झोप वाढवायला काय करू? माझं मत विचाराल, तर काही आठवडे तो आलेख उघडूच नका. अशा आकड्यांच्या मागे लागून झोप उडालेली माणसं डॉक्टरांकडे यायला लागली, तेव्हा २०१७ साली काही संशोधकांनी त्याला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निद्रानाशाच्या रुग्णांना मनगटी यंत्राच्या नावाखाली झोपेचे मुद्दाम खोटे आकडे दाखवले. 'झोप वाईट झाली' असं ज्यांना सांगितलं, त्यांना दिवसा जास्त थकवा जाणवला आणि मूडही उतरला. तेव्हा सकाळी आधी स्वतःला विचारा, कसं वाटतंय. घड्याळ नंतर बघा.

आता तुमचा थकवा. ७ तास झोपूनही सकाळी ताजंतवानं वाटत नसेल, तर माझ्या डोक्यात पहिली शंका स्लीप ॲपनियाची येते. यात झोपेत श्वास १० सेकंद किंवा जास्त काळ अडतो, आणि तो पुन्हा सुरू होताना मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो. असं तासाला तीस-तीस वेळाही होऊ शकतं. रुग्णाला सकाळी काही आठवत नाही, हात हलतोच असं नाही, त्यामुळे घड्याळ ती रात्र अखंड झोपेची म्हणून दाखवू शकतं. २०२४ मध्ये सॅमसंग आणि ॲपल या दोघांच्या घड्याळांतल्या ॲपनियाचा इशारा देणाऱ्या सोयीला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्यता दिली. पण ती सोय मध्यम ते तीव्र ॲपनियाची शंका दाखवण्यापुरती आहे, निदान करण्यासाठी नाही. इशारा आला तर डॉक्टर गाठा; आला नाही म्हणून ॲपनिया नाही, असं मात्र समजू नका.

घोरता का, झोपेत घुसमटून दचकता का, हे त्याच खोलीत झोपणाऱ्या कुणाला तरी विचारा. एकटे राहत असाल तर रात्री फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. दिवसा बसल्याबसल्या पेंग येते का, सकाळी डोकं दुखतं का, रक्तदाब वाढलाय का, तेही बघा. यातलं काही असेल तर स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेच्या तपासणीबद्दल, डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणांची तपासणी घरच्या घरी लहान यंत्रावरही होते. काहीच नसेल, तरी थकवा टिकून असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यायला हरकत नाही. जाताना घड्याळातल्या महिनाभराच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा सोबत न्या, त्या कामाला येतात. गाढ झोपेचा आलेखही दाखवा हवं तर, डॉक्टर बहुधा तो बघून पुढचा प्रश्न घोरण्याबद्दलच विचारतील.