३२ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाची वाढ घरी कशी नोंदवून ठेवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ३२ आठवड्यांचा जन्मला, आता १४ महिन्यांचा आहे, पुढे हात टेकून बसतो, रांगत नाही. माता-बाल कार्डावरचे टप्पे जुळत नाहीत, घरचे म्हणतात होईल हळूहळू. दहिवडीहून साताऱ्याला दाखवायला नेण्याआधी घरी काय लिहून ठेवावं?

आधी वय नीट धरा. पूर्ण दिवसांचे ४० आठवडे, त्यातून ३२ वजा, म्हणजे बाळ ८ आठवडे लवकर आलं. ते १४ महिन्यांतून काढले की साधारण १२ महिने उरतात. डॉक्टर याला करेक्टेड एज म्हणतात, आणि दोन वर्षांचा होईपर्यंत टप्पे याच वयाशी ताडून बघायचे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

आता स्पष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत जवळपास सगळी मुलं ९.२ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतात. म्हणजे १२ महिने धरले तरी तुमच्याकडे उशीर आहेच. वही भरून होईपर्यंत थांबायचं नाही. तपासणीची तारीख आजच ठरवा, वही तोवर सुरू होईल.

कार्डावरचे टप्पे मोठ्या उड्यांचे असतात. 'बसतो' आणि 'चालतो' यांच्या मधे आपलं मूल कुठे आहे ते त्यात दिसत नाही, म्हणून महिनोन्‌महिने 'नाही, नाही' असंच लिहिलं जातं आणि आईचा धीर सुटतो. साधी शंभर पानी वही घ्या, एका पानावर एकच गोष्ट. बसण्याचं पान असं पाडता येईल: कमरेला धरल्यावर बसतो, दोन्ही हात पुढे टेकून बसतो, एक हात उचलून खेळणं घेतो, दोन्ही हात मोकळे, मागे वळून वस्तू घेतो, आडवा असताना आपला आपण उठून बसतो. प्रत्येक पायरीपुढे तीन रकाने: 'पहिल्यांदा दिसलं', 'कधीकधी', 'सहज जमतं'. तिन्हींत फक्त तारीख लिहायची. ब्रिटनमध्ये अशा मुलांच्या पालकांसाठी केलेल्या नोंदवह्यांत हीच पद्धत आहे, आणि थेरपिस्टला ती लगेच वाचता येते. तिसऱ्या रकान्यात तारीख टाकायची घाई नको. घरात जमतं, आजीकडे जमत नाही, तर ते अजून 'कधीकधी'च.

किती मदत लागली हेही लिहा. 'उभा राहिला' याचा काही उपयोग नाही; 'खाटेला धरून, मी कमरेला हात लावल्यावर, दहा मोजेपर्यंत' याचा आहे. सीटच्या वॉकरमध्ये उभा राहिला तर ते धरूच नका, तिथे वजन सीटवर असतं आणि पाय चवड्यांवर जातात. तो वॉकर काढूनच टाका.

चिमटीत उचलतो का, हे बघायला बेदाणा किंवा शेंगदाणा देऊ नका, घशात अडकतो. बसवून, समोर बसून, एकच साधा चुरमुरा ठेवा. मुठीने ओढतो, सगळ्या बोटांनी गोळा करतो की अंगठा आणि तर्जनीने उचलतो, ते लिहा. दोन्ही हातांचं वेगवेगळं. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. एवढ्या लहान वयात 'हा उजव्याच हाताने घेतो' हे कौतुकाचं नसतं, दुसरा हात मागे पडतोय का याची शंका घ्यायची असते. एक मूठ कायम मिटलेली असणं, काखेत धरून उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर जाणं, हेही डॉक्टरांना दाखवायचंच.

'त्याला सगळं कळतं' हे घरोघरी ऐकू येतं. 'दिवा कुठाय?' विचारताना आपण स्वतःच दिव्याकडे बघतो, मूल आपल्या नजरेमागे जातं. हात मांडीवर, नजर बाळाच्या चेहऱ्यावर, आणि मग विचारा. शब्द तेव्हाच मोजा, जेव्हा तो न शिकवता, त्याच गोष्टीसाठी पुन्हापुन्हा येतो. पाण्याला दर वेळी 'मम' म्हणत असेल तर तो शब्दच. 'म्हण मामा' म्हटल्यावर आलेला 'मामा' वेगळा, त्यापुढे 'नक्कल' लिहा.

महिन्यातून एकदा अर्ध्या मिनिटाचे दोन व्हिडिओ घ्या, एक समोरून, एक बाजूने. झोप आणि खाणं झाल्यावर, अंगात फक्त चड्डी, मोबाइल जमिनीलगत. एसटीच्या प्रवासाने कंटाळलेलं मूल तपासणीच्या टेबलावर रडतं आणि येत असलेलंही करत नाही. तेव्हा हे उपयोगी पडतात. ताप, जुलाब, नवीन औषध याची तारीख वहीत टाका, नाहीतर त्या आठवड्यातली पीछेहाट उगीच जिवाला घोर लावते.

दोन गोष्टींना महिन्याचा हिशेब लावायचा नाही. येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर लगेच दाखवा. आणि झोपेतून उठल्यावर मान-धड पुढे झुकून हात फेकले जाणारे छोटे झटके लागोपाठ आले, तर व्हिडिओ काढून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. पोटदुखी किंवा दचकणं समजून यात आठवडे वाया जातात.

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, डीईआयसी विचारा, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी आणि थेरपी मोफत आहे. या कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून संदर्भ चिठ्ठी मिळते. सोबत माता-बाल कार्ड आणि नवजात अतिदक्षता विभागाचं डिस्चार्ज कार्ड न्या, झेरॉक्स वेगळी. त्या कार्डात दोन नोंदी शोधा: डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि बेरा, म्हणजे आवाज कानातून नसेवाटे मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी चाचणी. अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला कानाची नुसती ओएई चाचणी पुरत नाही, कारण कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतला दोष तीत सुटू शकतो. बेरा झालेली नसेल तर पहिल्याच भेटीत मागून घ्या.