नाव गावाचे, प्रसिद्धी ज्वालामुखीची

प्रश्न : फिलिपाईन्समधील ‘ताल’ ज्वालामुखीचा जानेवारी २०२० मध्ये उद्रेक झाला होता. त्याच नावाचे एक गावही तेथे आहे; परंतु नकाशात ते ज्वालामुखीपासून दूर, जवळजवळ समुद्राकाठी दिसते. हे कसे? आणि मूळ नाव कोणाचे?

उत्तर : मूळ नाव गावाचे असून ज्वालामुखी आणि त्याच्याभोवतीचे सरोवर त्याच नावाने पुढे ओळखले जाऊ लागले. (उच्चार मात्र ‘ताल’ नव्हे, ‘ता-आल’ असा आहे.) लुझोन बेटावरील बातांगास प्रांतातील ही नगरपालिका ऑगस्टिनियन पंथाच्या स्पॅनिश धर्मगुरूंनी १५७२ मध्ये स्थापन केली. तेव्हा ती सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर होती आणि त्या सरोवराला बोंबोन म्हणत.

१७३२ मध्ये ताआल हे प्रांताचे मुख्य ठाणे झाले, पण तो मान जेमतेम बावीस वर्षे टिकला. मे १७५४ मध्ये सुरू झालेला उद्रेक डिसेंबरपर्यंत अधूनमधून होत राहिला आणि ताआल, लिपा, साला व तानाउआन ही काठावरची चारही गावे उद्ध्वस्त झाली. ताआलच्या रहिवाशांनी बालायान उपसागराजवळच्या उंचवट्यावर नवी वस्ती केली आणि गावाचे नाव सोबत नेले. प्रांताचा कारभार बातांगास याच नावाच्या गावी गेला. जुन्या जागी आज सान निकोलास ही निराळी नगरपालिका आहे आणि तेथे जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत. आपल्याला नकाशात दिसलेल्या अंतराचे कारण हेच.

त्या उद्रेकांनी भूगोलही पालटला. पूर्वी सरोवर समुद्राला रुंद जलमार्गाने जोडलेले होते. राखेने आणि दगडांनी तो मार्ग बुजत जाऊन केवळ पान्सिपित ही अरुंद नदी उरली आणि खारे पाणी हळूहळू गोडे झाले. त्यात अडकलेल्या सागरी माशांपैकी ताविलिस हा सार्डिनच्या कुळातील मासा गोड्या पाण्याला सरावला, आणि तो आज फक्त याच सरोवरात सापडतो.

नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. पहिलीनुसार नदीकाठी वाढणाऱ्या ‘ताआलान’ नावाच्या झाडावरून गावाला नाव मिळाले. दुसरीनुसार बातांगासच्या तागालोग बोलीत ‘ताआल’ म्हणजे अस्सल, मूळचा; त्यावरून हे नाव पडले. दुसरा अर्थ गावकऱ्यांना सुखावणारा असला, तरी मला पहिली व्युत्पत्ती अधिक पटते, कारण त्या मुलुखात झाडाझुडपांवरून गावांना नावे देण्याची रीत जुनी आहे. मनिलाचे नाव ‘निला’ म्हणजे निळीच्या झुडपावरून आले असे मानतात, आणि सरोवराच्या उत्तर काठावरील तालिसाय हे गाव ज्या झाडाचे नाव मिरवते, त्याला आपण देशी बदाम म्हणतो.