कुळागरातला प्रायपस

प्रश्न : ग्रीकांचा प्रायपस देव की बुजगावणं? आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) तसा पुतळा चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही. मूळ ठाणं हेलेस्पाँट (आताची तुर्कस्तानातली दार्दानेल्स) सामुद्रधुनीकाठचं लँप्साकस शहर; बळी गाढवाचा. रोमन बागांत त्याला अंजिराच्या ओंडक्यातून कोरून लाल रंगवत. हातातला कोयता आणि अवाढव्य लिंग चोरांना धमकावायला. डोक्यावर खोचलेला बोरू पाखरांसाठी, कारण तो वाऱ्यावर हलतो. अंजिराचं लाकूड मऊ, पण तडकतं. रोमन कवी होरेसच्या कवितेत त्या आवाजानेच चेटकिणी पळतात! गोव्याच्या पावसात ते कुजेल. फणसाचं घ्या, बुंधा मातीत न पुरता चिऱ्यावर बसवा. माकडं मात्र लवकरच सरावतील; जागा बदलत राहा.