मिरचीच्या तिखटपणावर शिकायचंय, मग फार्मसी घेऊ का?

नंदुरबारहून बारावीतल्या एका मुलीने लिहिलंय की घरी मिरचीची शेती आहे, वाण एकच, शेत एकच, तरी एका तोड्याची मिरची जहाल आणि दुसऱ्याची सौम्य असं का होतं हे तिला शिकायचंय, आणि घरचे म्हणतात फार्मसी कर.

अगं, तुझा प्रश्न भारी आहे, यावर जगभरात लॅब चालतात! तिखटपणा बियांत नसतो बरं का, बी ज्या पांढऱ्या भागाला चिकटलेलं असतं तिथे कॅप्सेसिन म्हणजे तिखटपणा देणारं रसायन बनतं, तेही फूल उमलल्यावर साधारण 20 दिवसांनी सुरू होतं, 40-50 दिवसांपर्यंत वाढतं आणि मग बऱ्याच वाणांत उतरायला लागतं, त्यामुळे फळ कितव्या दिवशी तोडलं यानेच खूप फरक पडतो. 2005 मध्ये अमेरिकेत कॉर्नेलच्या टीमने दाखवलं की ढोबळी मिरची तिखट नसते कारण पन-1 नावाच्या जीनचा सुरुवातीचा तुकडाच तिच्यात गायब आहे. म्हणजे तिखट की बिनतिखट हे मुख्यतः एका जीनवर ठरतं, पण किती तिखट हे ठरवायला बरेच जीन लागतात, शिवाय एमवायबी-31 सारखी प्रोटीन्स, जी बाकीचे जीन चालू करतात आणि अतितिखट मिरच्यांमध्ये जास्त जोरात काम करतात, आणि वर ऊन, पाण्याचा ताण वगैरे आहेच. तुझा तोड्याचा प्रश्न नेमका इथे येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, फार्मसी नको. तिथे कॅप्सेसिन शरीरावर काय करतं ते शिकशील, झाडात ते कसं बनतं ते नाही. सीईटी देऊन बीएससी अॅग्री घे, धुळ्याचं कृषी महाविद्यालय तुला जवळ आहे, ते राहुरी विद्यापीठाचंच. चार वर्षांनी आयसीएआरची म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची परीक्षा देऊन एमएससीला जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंग (जीनचा अभ्यास आणि नवे वाण तयार करणं) किंवा बायोटेक घे, कारण या विषयाला शेत आणि लॅब दोन्ही लागतात, नुसती लॅब आवडत असेल तर पुण्याचं आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था, बघ पण मला वाटतं तू शेतातली आहेस तोच तुझा मोठा फायदा आहे. पुढे बेंगळुरूची आयआयएचआर ही बागायती पिकांची संशोधन संस्था, वाराणसीची भाजीपाला संशोधन संस्था, दोन्हीकडे मिरचीवर काम चालतं.

बाबांना एक गोष्ट आधीच सांगून ठेव, पीएचडीपर्यंत दहाएक वर्षं जातात आणि सरकारी सायंटिस्टच्या जागा कमी निघतात. पण एमएससीनंतर जालना, हैदराबादकडच्या बियाणे कंपन्यांत ब्रीडिंगचं काम मिळू शकतं, त्यामुळे मधेच अडकून पडशील अशी भीती नको.

आणि यंदा फुलं लागली की काही फुलांना तारीख लिहून दोरा बांध, त्यांची फळं 20, 30, 40, 50 दिवसांनी तोडून चव वहीत लिहीत जा, तेव्हा पाणी कधी दिलं तेही लिही. ती वही घेऊन बाबांशी बोल.