तलवारीला वजन हवं

प्रिय दिग्दर्शकबाई,

तुझ्या लाडक्या जपानी ॲनिमेवरून खरी माणसं घेऊन तू जो चित्रपट करतेयस, त्याची बावीस सेकंदांची चाचणी बघितली. एकदा आवाजासकट, मग चार वेळा आवाज बंद करून. विगचा रंग, कॉलरवरची शिवण, डोळ्याखालचा व्रण, सगळं मूळ चित्राशी जुळतंय. तरीही तुला ते शाळेतल्या फॅन्सी ड्रेससारखं वाटतंय, का ते कळत नाहीये, आणि म्हणून तू विचारतेस की नवा कॅमेरा घेऊ का. नको घेऊस. नवव्या सेकंदाला थांब आणि एकेक फ्रेम पुढे सरकव. तुझा नायक स्वतःएवढी उंच तलवार नुसत्या मनगटावर उचलतो. पाच फ्रेममध्ये ती डोक्यावर जाते, थांबते, आणि थांबल्यावरही टोक पुढच्या आठ फ्रेम गळाच्या काठीसारखं थरथरत राहतं. खेळ तिथेच संपला. महागडा कॅमेरा घेतलास तर ते थरथरणं आणखी स्वच्छ दिसेल, एवढंच.

वजन नाहीये, बाई. तलवारीला नाही, कोटाला नाही, केसांना नाही, त्या निळ्या ऊर्जागोळ्याला तर मुळीच नाही. आणि तू मला कॅमेऱ्याचं विचारतेस.

ज्या शैलीवर तू जीव टाकतेस ती पैशाच्या चणचणीतच घडली, हे तुला ठाऊक आहे. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुकांच्या स्टुडिओची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही ॲनिमेशन मालिका १ जानेवारी १९६३ ला टीव्हीवर आली. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा, हाताशी माणसं थोडी. सेकंदाला २४ फ्रेम, पण एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवलं की आठ चित्रांत भागतं. स्थिर चेहऱ्यावर फक्त ओठ हलवायचे, एका चित्रावरून कॅमेरा सरकवायचा, जुनी चित्रं पुन्हा वापरायची. चित्रं मोजकी, म्हणून कुठलं धरून ठेवायचं याला किंमत आली. घाव बसण्याआधीचा तो निश्चल क्षण आठव. वजन तिथे साठतं. तू पोझ उचललीस आणि थांबा गाळलास. आता उत्साहाच्या भरात फुटेज आठ फ्रेमवर आणायला जाऊ नकोस. कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये हालचालीची धूसर रेघ असते, चित्रात ती नसते, त्यामुळे ते नुसतं अडखळल्यासारखं दिसतं. नटालाच थांबायला सांग, घावाआधी दहा-बारा फ्रेम, श्वास रोखून.

तलवार नव्याने कर. पीव्हीसी पाइप लांबीला वाकतो, म्हणून टोक नाचतं. २० मिलिमीटरची चौकोनी ॲल्युमिनियम नळी घे, मुठीपासून टोकाच्या अलीकडे १५ सेंटिमीटरपर्यंत. शेवटचा तुकडा निव्वळ फोमचा राहू दे, कुणाला लागला तर इजा व्हायला नको. १० मिलिमीटरच्या ईव्हीए फोमचे (चपलेच्या तळव्यासारखा घट्ट फोम) दोन थर एकमेकांवर ठेवून मधोमध नळीच्या रुंदीची खाच काप, नळी तिच्यात बरोबर सपाट बसते. मग दोन्ही अंगांना ५ मिलिमीटरचे थर चढव आणि धारेच्या कडा तिरक्या काप. ब्लेड दर काही कापांनंतर बदल. बोथट ब्लेड फोम कापत नाही, कुरतडतं, आणि ती कुरतडलेली कड रंगाखालीही दिसते. कॉन्टॅक्ट सिमेंट, म्हणजे चामड्याला लावतात तसला चिकटगोंद, दोन्ही बाजूंना पातळ लाव आणि दहाएक मिनिटं थांब. बोटाला चिकट लागावं, पण बोटावर येऊ नये. ओलं असतानाच दाबलंस तर जोड सरकतो आणि उन्हात उकलतो. तुझ्या तलवारीच्या मुठीपाशी नेमकं तेच झालंय, चौथ्या सेकंदाला काळी फट दिसते. खिडक्या उघड्या ठेव, घासताना मास्क लाव. रंगाआधी गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने पृष्ठभागाला किंचित चकाकी येईपर्यंत ऊब दे, मग लाकडाच्या गोंदाचे तीन-चार पातळ थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. हे गाळलंस तर फोम रंग पिऊन टाकतो आणि स्पंज स्पंजच दिसतो.

ही झाली मारामारीची तलवार. तिची एक जड बहीण लागेल. तसाच सांगाडा, पण नळीच्या आत १२ मिलिमीटरची लोखंडी सळई. दीड मीटरच्या सळईचं वजन सुमारे १.३ किलो. ती आत खडखडू नये म्हणून फडकं गुंडाळून ठोक. ही तलवार कुणाच्याही अंगावर चालवायची नाही, फटका मारायचा नाही, आसपास दोन तलवारींच्या अंतरात माणूस उभा करायचा नाही. तिच्यावर फक्त उचलण्याचा सराव. आठवडाभर रोज दहा मिनिटं केला की नटाच्या शरीराला क्रम कळतो: आधी पाय रुंदावतात, मग कंबर, मग खांदा, मग हात, टोक सगळ्यात शेवटी. थांबवताना अर्धं पाऊल पुढे पडतंच. मग हलकी तलवार हातात दे आणि त्याच वेगाने करायला लाव. पाचऐवजी पंधरा-सोळा फ्रेम लागल्या पाहिजेत. तो कुरकुरेल की हे संथ दिसतं. कुरकुरू दे.

कोट सॅटिनचा शिवलायस. चकाकतो आणि तरंगतो. जाड सुती ड्रिल किंवा गॅबर्डिन घे, दोनदा धू, इस्त्री मोड, कोपर आणि खिसे पॉलिश पेपरने घास. घेराच्या दुमडीत पडद्याला लावतात तशी शिशाची पट्टी किंवा बारीक साखळी शिवून टाक. वळल्यावर घेर अर्धा क्षण मागे राहून मग येतो. तेवढा उशीर म्हणजेच वजन.

विगचं दुखणं वेगळं. चित्रातलं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून तिथे केसांचा डोलारा शोभतो. माणसाच्या डोक्यावर तेवढाच ठेवला की शिरस्त्राण होतं. फुगवटा जवळपास निम्म्यावर आण. गोंद आणि स्प्रेने काटे उभे करायचे ते मागच्या भागात. कपाळावरच्या बटा मोकळ्या सोड, त्या वाऱ्याने हलल्या पाहिजेत. कृत्रिम धाग्याची चमक टाल्कम पावडरने मारता येते, मुळाशी गडद रंगाची छटा दे, भुवया विगला जुळव. आणि गरम यंत्र लावण्याआधी मानेमागची एक बट तपासून घे, सगळे धागे उष्णता सहन करत नाहीत. वितळलेला धागा पुन्हा सरळ होत नाही.

हुबेहूब रंगाचा हट्ट सोड, असं मी म्हणणार नाही, कारण तू ऐकणार नाहीस. मीही त्या वयात ऐकलं नसतं. पण रंगछटा जुळवण्यात गेलेल्या रात्रींचा हिशोब मांडायला बसलो तर मला स्वतःचीच लाज वाटेल. प्रेक्षक रंग पाच सेकंदांत माफ करतो, हलकेपणा शेवटपर्यंत करत नाही.

कॅमेरा, म्हणजे तुझा आहे तोच फोन. फ्रेमचा वेग, फोकस, एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) चारही लॉक करून टाक. २४ फ्रेमला शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ, १/४८ किंवा १/५० सेकंद. उन्हात फोन आपोआप १/१००० सेकंदाच्या पुढे शटर नेतो, धूसर रेघ नाहीशी होते आणि प्रत्येक फटका कागदी होतो. त्याला उपाय एनडी फिल्टर, म्हणजे भिंगावर लावायची उजेड कमी करणारी करडी काच. एफ/१.८ चं भिंग, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ५०, रणरणतं ऊन, तर एनडी ६४ लागतो. घरातल्या दिव्यांखाली वीज ५० हर्ट्झची असेल तर १/५०, ६० ची असेल तर १/६०, नाहीतर चित्र लुकलुकेल. लॉक करूनही फोन फ्रेमचा वेग थोडा कमीजास्त करतात, म्हणून संकलनाआधी फुटेज स्थिर २४ वर बदलून घे, एरवी तिसऱ्या मिनिटाला ओठ आणि आवाज फारकत घेतात.

तुझ्या पटकथेत पाडलेली इमारत आहे. प्रतिकृती कर, पण वेग गणिताने ठरव: जितक्या पटीने लहान, त्याचं वर्गमूळ गुणिले २४. सोळा पट लहान प्रतिकृती ९६ फ्रेमवर, पंचवीस पट लहान १२० वर. दोन्ही २४ वर चालव. तुकडे तेवढ्याच संथपणे पडले तर डोळा मानतो की ते टनावारी आहेत. धुळीसाठी पिठी किंवा कुठलीही बारीक पूड हवेत उडवू नकोस, दिवा किंवा ठिणगी जवळ असेल तर भडका उडतो. चाळलेली कोरडी माती, चष्मा आणि मास्क.

लोक म्हणतात मला संगणकाचा दुस्वास आहे. तसं असतं तर ब्लेंडर हे संगणकावरचं त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर शीक म्हणून तुझ्या मागे लागलो नसतो. माझं म्हणणं इतकंच की संगणकात काढलेला गोळा नायकाच्या हनुवटीवर उजेड पाडत नाही. तो तुला चित्रीकरणाच्या वेळीच पाडावा लागतो. तळहातात रंगीत पारदर्शक जिलेटिन कागद गुंडाळलेला एलईडी धर, भोवतालच्या उजेडापेक्षा दोन स्टॉप, म्हणजे चौपट, प्रखर, बाजूने पंखा, आणि फुटण्याच्या फ्रेमला दिवा एकदम बंद. मग वर काय रंगवायचं ते रंगव. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की लोक टाळतात मला, पण मी चुकीचा असतो तर त्यांचे गोळे तरंगले नसते. (तुझ्या दुसऱ्या पात्राचे केस हिरवे आहेत. हिरव्या पडद्यापुढे उभं केलंस तर संगणक पडद्याच्या हिरव्याबरोबर केसही पुसेल आणि टक्कल पडेल. निळा पडदा, आणि माणूस त्याच्यापासून दोन मीटर पुढे.)

हाणामारीत मूठ आणि गाल यांत हातभर अंतर ठेव, कॅमेरा अशा जागी की ते अंतर एकावर एक येऊन झाकलं जाईल. ज्याला लागतं त्याची मान आधी, खांदा नंतर, पाऊल शेवटी. एका शॉटमध्ये तीन-चार हालचाली बस्स. घाव बसतो तिथल्या दोन फ्रेम काढून टाक, लगेच पुढचा शॉट धरून ठेव.

आणि आवाज, ज्याला तू अजून हातच लावलेला नाहीस. तलवारीसाठी तीन थर: पातळ छडी हवेत फिरवल्याचा सूं, ओला टॉवेल चामड्यावर आपटल्याचा मधला ठोका, खाली ६० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा. फोनच्या स्पीकरवर तो घुमारा ऐकूच येत नाही, म्हणून १५० ते २५० हर्ट्झमध्येही काहीतरी ठेव. ठोक्याआधी सहा-आठ फ्रेम पूर्ण शांतता. डबिंग करताना नटाच्या हातात पाच किलोची पिशवी दे, घशातून जो आवाज निघतो तो बसल्या बसल्या निघत नाही. प्रत्येक जागेचा रिकामा आवाज तीस सेकंद रेकॉर्ड करून ठेव.

हक्कांचं थोडक्यात. पैसे कमावत नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. जपानमध्ये ३० डिसेंबर २०१८ पासून काही कॉपीराइट गुन्ह्यांना हक्कधारकाच्या तक्रारीची अट उरली नाही, चाहत्यांच्या पुनर्निर्मितीला मात्र ती ठेवली आहे. म्हणजे त्यांनी ठरवलं तर ते तक्रार करू शकतात. मूळ संगीत वापरू नकोस, सगळ्यात आधी तेच पकडलं जातं. रस्त्यावर तलवार काढण्याआधी पोलिसांना कळव, फोमची असली तरी.

चाळीस पानांची पटकथा कपाटात ठेव. सध्या एकच शॉट: नायक तलवार जमिनीवरून उचलतो, खांद्यावर घेतो, तीन पावलं चालतो. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, विग नाही, कोट नाही, संगीत नाही. पावलांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून लाव. वीस टेक घे आणि विसावाही जमला नाही तर एकविसावा घे. मला तो न कापता पाठव. तलवारीला रंग दिलेला नसला तरी चालेल.