वाचकांचे प्रश्न: हॅस्केलमधून चालवलेला प्रोग्राम मध्येच का लटकतो?

प्रश्न: नमस्कार, मी हॅस्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकतेय आणि माझ्या टूलमधून दुसरा एक कमांड-लाइन प्रोग्राम चालवून त्याचं आउटपुट घ्यायचंय. क्रिएटप्रोसेसने पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी वाट) उघडला, एचगेटकंटेंट्सने आउटपुट वाचलं, मग तो प्रोग्राम संपेपर्यंत थांबायला वेटफॉरप्रोसेस. छोट्या फाइलवर मस्त चालतं, मोठी फाइल दिली की दोन्ही प्रोग्राम नुसते लटकून राहतात, एरर पण येत नाही. मी तर आधी वाचते आणि मगच थांबते, मग चुकतंय कुठे? अजून एक, सिस्टम डॉट इन्फो मॉड्यूलमधलं ओएस (ऑपरेटिंग सिस्टमचं नाव) आयओशिवाय, म्हणजे बाहेरच्या सिस्टमशी बोलणाऱ्या कामांसाठीचा टाइप न वापरता, कसं काय मिळतं, आणि ६४ बिट विंडोजवर ते मिंगडब्ल्यू३२ का दाखवतं?

उत्तर: कोडमध्ये वाचण्याची ओळ आधी आहे हे बरोबर, पण त्या ओळीत खरं तर काहीच वाचलं जात नाहीये. एचगेटकंटेंट्स लेझी आहे, ते लगेच एक स्ट्रिंग हातात देतं आणि त्यातलं अक्षर कोणी मागेल तेव्हाच पाइपमधून वाचायला जातं. तुम्ही ते अक्षर मागता वेटफॉरप्रोसेसच्या नंतर. तोपर्यंत तो दुसरा प्रोग्राम पाइपमध्ये लिहितोय, लिनक्सवर पाइपमध्ये नॉर्मली ६४ केबी मावतात, ते भरले की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) लिहिणाऱ्याला तिथेच थांबवतं, म्हणजे तो अडकला कारण तुम्ही वाचत नाही आणि तुम्ही अडकलात कारण तो संपत नाही. छोट्या फाइलचं सगळं आउटपुट पाइपमध्ये मावून जातं, म्हणून तिथे हे दिसलंच नाही.

मग करायचं काय, तर थांबण्याआधी खरोखर वाचून काढायचं. हॅस्केलच्या बेस लायब्ररीच्या ४.१५ व्हर्जनपासून एचगेटकंटेंट्सचं शेवटी अपॉस्ट्रॉफी लावलेलं स्ट्रिक्ट व्हर्जन आहे, ते सगळं वाचून झाल्याशिवाय पुढे जात नाही. पण स्टँडर्ड आउट (नेहमीचं आउटपुट) आणि स्टँडर्ड एरर (एररचे मेसेज) दोन्हीला पाइप लावले असतील तर तेवढ्याने भागत नाही, कारण एक वाचेपर्यंत दुसरा भरू शकतो, दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या कामांमध्ये) वाचावे लागतात. म्हणून माझं मत विचाराल तर हे हाताने लिहूच नका, रीडप्रोसेसविथएक्झिटकोड वापरा, ते हेच सगळं आतमध्ये करतं आणि एक्झिट कोड (प्रोग्राम कसा संपला ते सांगणारा आकडा), आउटपुट, एरर तिन्ही देतं. नुसतं रीडप्रोसेस घेतलंत तर समोरचा प्रोग्राम फेल झाल्यावर ते एक्सेप्शन फेकतं, हे लक्षात असू द्या. युनिक्सवर एक्झिट कोड मायनस ९ आला तर त्या प्रोग्रामला ९ नंबरच्या सिग्नलने मारलंय असं समजायचं.

आउटपुट फारच मोठं किंवा बायनरी असेल तर मात्र स्ट्रिंग नको, मेमरी खूप खाते आणि एन्कोडिंग जुळलं नाही तर मध्येच एक्सेप्शन येतं. तिथे टाइप्ड-प्रोसेस पॅकेज आणि बाइटस्ट्रिंग (अक्षरांऐवजी कच्चे बाइट ठेवणारा टाइप) घ्या. आणि तुमचं टूल मल्टिथ्रेडेड असेल तर थ्रेडेड फ्लॅग लावूनच कंपाइल करा, नाहीतर वेटफॉरप्रोसेस चालू असताना हॅस्केलचे बाकीचे सगळे थ्रेड पण थांबतात.

तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतोच, कारण हे खरंच धोक्याचं आहे: फाइलचं नाव जोडून शेलला (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) अख्खी कमांड स्ट्रिंग देत असाल तर आजच बदला. नावात स्पेस किंवा सेमीकोलन आला की शेल त्याचा भलताच अर्थ लावतं, कोणी मुद्दाम तसं नाव दिलं तर त्याला हवी ती कमांड तुमच्या मशीनवर चालते. त्याऐवजी प्रॉक हे फंक्शन वापरा, त्यात प्रोग्रामचं नाव वेगळं आणि आर्ग्युमेंटची लिस्ट वेगळी जाते, युनिक्सवर मध्ये शेल येतच नाही.

आता ओएसचं. ते चालू मशीनला काही विचारतच नाही, प्रोग्राम कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी कंपाइल झालाय ते आधीच ठरलेलं असतं, म्हणून साधी स्ट्रिंग, आयओ नाही. मिंगडब्ल्यू३२ हे विंडोजवरच्या टूलचेनचं (कंपाइल करायच्या साधनांच्या संचाचं) जुनं नाव, ६४ बिटवर पण तेच राहिलंय, तेव्हा त्यातल्या ३२ वरून काही ठरवू नका, त्यासाठी आर्च (प्रोसेसरचा प्रकार) बघा. मॅकवर ओएस डार्विन देतं. चालू कर्नलचं व्हर्जन हवं असेल तर युनिक्स पॅकेजमधलं गेटसिस्टमआयडी, ते मात्र आयओमध्ये आहे कारण ते खरोखर सिस्टमला विचारतं. कोअर मोजायला गेटनमप्रोसेसर्स, गेटनमकेपेबिलिटीज नव्हे, ते फक्त तुमच्या प्रोग्रामचे किती हॅस्केल थ्रेड एकाच वेळी पळू शकतात तेवढंच सांगतं.