‘अनाहूत’ हे विशेषण रोजच्या वाक्यांत बरोबर कसं वापरायचं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ‘अनाहूत’ नेमका कुठे वापरायचा, ‘माझ्याकडून अनाहूतपणे चूक झाली’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ऑफिसात सतत मधे पडणाऱ्या सहकाऱ्याला ‘अनाहूत माणूस’ म्हणता येईल का. मी मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मुद्रितशोधन करताना हा शब्द माझ्यासमोर बहुतेक वेळा याच चुकीच्या अर्थाने येतो.

ते वाक्य चूक आहे. आहूत म्हणजे बोलावलेला, अनाहूत म्हणजे न बोलावलेला. चुकीला कुणी आमंत्रण देत नाही, त्यामुळे ‘अनाहूत चूक’ म्हणून काहीच सांगितलं जात नाही. लिहिणाऱ्याला खरं तर ‘लक्ष नव्हतं म्हणून’ असं म्हणायचं असतं आणि त्यासाठी ‘अनवधानाने’ हा शब्द आहे. दोन्ही शब्द ‘अन’पासून सुरू होतात, दोन्ही कानाला भारदस्त लागतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा बसत असावा. ‘त्यांच्या तोंडून अनाहूतपणे नाव निघून गेलं’, ‘डोळ्यांत अनाहूतपणे पाणी आलं’ ही वाक्यंही याच वाटेने आलेली. इथे ‘नकळत’ हा साधा शब्द पुरतो, आणि तो जास्त सुंदरही आहे. औपचारिक माफीपत्र असेल तर ‘अनवधानाने’, घरात बोलताना ‘चुकून’. ‘अनाहूतपणे’ला यात कुठेच जागा नाही. चूक सर्रास होते म्हणून ती मान्य करावी, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण तसं केलं तर न बोलावता येणाऱ्यासाठी असलेला आपला नेटका शब्द बोथट होईल.

पारख सोपी आहे. ‘अनाहूत’ काढून तिथे ‘न बोलावता आलेला’ किंवा ‘न मागता दिलेला’ घालून पाहा. ‘अनाहूत पाहुणा’, ‘अनाहूत सल्ला’, ‘अनाहूत मदत’ टिकतात. कर्ज हवंय का विचारणारे फोनही टिकतात: आपण काही मागितलेलं नसताना ते येतात, म्हणून ‘जाहिरातीचे फोन थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंदणी केली आणि अनाहूत फोन कमी झाले’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. ‘अनाहूत पाऊस’ मात्र डळमळतो. तो अवकाळी किंवा अवेळी असतो. अपघात अनपेक्षित असतो. भीतीचं कारण कळत नसेल तर ती अनामिक. जिथे बोलावण्याचा किंवा मागण्याचा रिवाज आहे, तिथेच न बोलावण्याला अर्थ येतो.

शब्दाचा जुना वापरही हेच दाखवतो. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला मूर्खाची लक्षणं सांगतो, त्यांत ‘अनाहूतः प्रविशति अपृष्टो बहु भाषते’ असं येतं: न बोलावता आत शिरतो, न विचारता फार बोलतो. आगंतुक पाहुणा आणि अनाहूत सल्ला दोन्ही एका ओळीत सापडले! मराठीतही ‘ते बैठकीला अनाहूत येऊन बसले’ असं थेट म्हणता येतं. शेवटी ‘पणे’ लावलं तर चूक नाही, पण गरजही नसते. लिंग-वचनाने रूप बदलत नाही, तेव्हा ‘अनाहूत सूचना’, ‘अनाहूत सल्ले’, ‘अनाहूत पाहुणी’ सगळीकडे तेच.

लिहिताना ‘हू’ दीर्घ. ऱ्हस्व ‘हु’ घातलात तर ‘आहुत’ होतं, म्हणजे होमात अर्पण केलेलं, ‘आहुती’मधलं. आणि ‘अनाहत’ तिसराच: आहत म्हणजे ठोकलेलं (इतिहासाच्या पुस्तकातली ‘आहत नाणी’ म्हणजे ठसा ठोकून पाडलेली), अनाहत नाद म्हणजे कशावर काही न आपटता उमटणारा. ‘पार्टीला अनाहत पाहुणे’ असं छापलं गेलं की फार वाईट वाटतं.

आता तुमचा सहकारी. ‘अनाहूत’मध्ये शिवी नाही. न बोलावलेला पाहुणा मनापासून हवासा असू शकतो, आणि ‘अनाहूत सल्ला देतोय, राग मानू नका’ असं लोक स्वतःबद्दल नम्रपणे म्हणतात. त्रास, वैताग सांगायचा असेल तर मराठीत दुसरे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पगार किती, लग्न का नाही, फ्लॅट केवढ्याला घेतला असं खोदून विचारतो तो भोचक. दोघांच्या बोलण्यात तोंड घालतो आणि इकडचं तिकडे करतो तो चोंबडा (हा बदलतो: चोंबडी, चोंबडे). वय किंवा अधिकार नसताना पुढे पुढे करतो तो आगाऊ. आगाऊ शक्यतो लहानाला म्हणतात. वयाने मोठ्या माणसाला म्हटलं तर ऐकणाऱ्याला बोलणाराच आगाऊ वाटेल. शिवाय ‘आगाऊ रक्कम’, ‘आगाऊ आरक्षण’ यांत तोच शब्द निव्वळ ‘आधी’ या अर्थाने येतो आणि तिथे त्यात काही वावगं नाही.

रोजच्या बोलण्यात मात्र या सगळ्यांपेक्षा उपयोगी पडतं ते ‘नसता’. नसती उठाठेव, नसत्या चौकशा, नसते उद्योग, नसता शहाणपणा. हे विशेषण माणसाला चिकटत नाही, त्याच्या कृतीला चिकटतं. म्हणून भांडण न वाढवता नेमकं बोट ठेवता येतं. ‘तू भोचक आहेस’ म्हटलं की नातं तुटतं. ‘नसत्या चौकशा कशाला करतोस?’ म्हटलं तर माणूस फार तर गप्प होतो. ‘अनाहूत’ लिहिण्यात शोभतो, ‘नसता’ तोंडात बसतो, आणि मी स्वतः दोन्ही जपून ठेवावेत या मताचा आहे.

तुमचा सहकारी त्याच ऑफिसात नोकरीला आहे, बैठकीलाही त्याला बोलावलेलं असतं. म्हणून तो ‘अनाहूत माणूस’ होत नाही. त्याच्या सूचना अनाहूत आहेत. मित्राशी बोलताना ‘तो प्रत्येक कामात लुडबुड करतो’ म्हणा. साहेबांना मेल लिहायचा असेल तर ‘माझ्या कामाबद्दल त्यांच्याकडून वारंवार अनाहूत सूचना येतात, त्यामुळे काम खोळंबतं’ असं लिहा. आणि त्यालाच सांगायचं असेल तर विशेषण शोधूच नका: ‘हे माझ्याकडे सोपवलेलं आहे, मदत लागली तर मी तुम्हाला विचारेन.’